वहिनींनी खोडलेला शब्द

वाशीम जिल्ह्यात 'स्त्रीवादी' हा शब्द बाई सहसा स्वतःबद्दल वापरत नाही. तो वापरला जातो दुसऱ्या बाईबद्दल, आणि बहुतेकदा ती समोर नसताना. "ते जरा स्त्रीवादी हाये" असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. बाई भांडखोर आहे, घर मोडेल, आपल्या सुनेला तिच्याकडे जाऊ देऊ नये. मी स्वतःला स्त्रीवादी म्हणवते. वाशीमला शाळेत मराठी शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. विद्याताई बाळांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केलं, तेव्हापासूनचे अंक माझ्या कपाटात आहेत आणि त्यांनी मला घडवलं आहे.

माझ्या मोठ्या भावाची बायको, माझ्या वहिनी, मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करतात. राखीव जागेवर पाच वर्षं सरपंच होत्या. नवऱ्यानं मारलेल्या बाईला रात्री घरात घेऊन झोपवणारी आणि सकाळी तिच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढणारी दुसरी बाई आमच्या गावात नाही. तालुक्याच्या गावी बचत गटांच्या महिला दिनाच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार ठरला, तेव्हा ओळख लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'ग्रामीण भागातील स्त्रीवादी कार्यकर्त्या'. वहिनींनी कागद वाचला, मुलीचा पेन मागून घेतला आणि 'स्त्रीवादी' तेवढा खोडला.

पुढचं बोलणं एका बैठकीत झालेलं नाही. काही फोनवर झालं, काही ओल्या हळदीच्या ढिगाशी बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करताना झालं, काही मे महिन्यात बियाणं तपासताना. इथे ते सलग मांडते. वहिनींचं वऱ्हाडी आहे तसंच ठेवलं आहे.

मी : का खोडलंत?

वहिनी : तो शब्द माह्या नावापुढं लागला त गटाच्या मिटिंगीले निम्म्या बाया येनार नाईत. त्याईच्या सासवा येऊ देनार नाईत. अन् जे बाई मार खाऊन येते, ते माह्या दारात याच्या आंधी दहादा इचार करीन. आता ते सासूले सांगून येते, 'काकूकडं जाऊन येते.' काकूकडं जाता येते, ताई. स्त्रीवादीकडं नाई जाता येत.

मी : लोकांनी शब्द बदनाम केला म्हणून तो आपण टाकून द्यायचा? आमच्या आजीच्या वेळी 'शिकलेली' हीसुद्धा शिवी होती. शिकलेली सून नको म्हणून स्थळं परत जायची.

वहिनी : आता नाई ना राह्यली ते शिवी? काऊन? घरोघरी पोरी शाळेत गेल्या म्हून. शब्द धुऊन नाई काढला कोनी.

मी : पण शाळेत पाठवा म्हणून कोणीतरी आधी ओरडलं होतं, वहिनी. शेणाचे गोळे झेलले होते.

वहिनी : ओरडाले मी नाई म्हनत नाई. मी काई कमी ओरडत नाई. माहं म्हननं एवढंच, का ओरडनाऱ्या बाईच्या कपाळावर शिक्का नका मारू. अन् खरं सांगू? तो शब्द आपल्याइकडचा वाटतच नाई. पुन्या-मुंबईच्या बायाईचा वाटते.

हे मी अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा मनापासून त्रास होतो. आमच्या जिल्ह्यातल्या रिसोडहून मेहकरकडे निघालं की बुलढाणा जिल्हा लागतो. त्या बुलढाण्यात, जिल्हा कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी वाढलेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. पुस्तकाला निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. तिनं आपलं मूल मारलं म्हणून तिला आधी फाशीची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडू लागले. ताराबाईंनी विचारलं की जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का, आणि मग एकेक दोष घेऊन दाखवूनच दिलं. हे वऱ्हाडात घडलं. पुणे-मुंबईहून आलेलं नव्हतं. मी ते वहिनींना हळदीच्या ढिगाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत, पण नीट ऐकलं.

वहिनी : त्याईनं सोताले स्त्रीवादी म्हनलं व्हतं काय?

मी : नाही. तेव्हा मराठीत तो शब्दच नव्हता.

वहिनी : मंग त्या बाईले तुमी मांगून नाव देऊन रायल्या. जसं मले देल्लं.

मी : देते आहे. आणि का देते तेही ऐका. ते पुस्तक निघालं तेव्हा पांढरपेशे तर चिडलेच, सत्यशोधकांतले काहीजणही चिडले. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आपल्याला मिळालेलं नाही. पहिलंही लोक विसरले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की अशी बाई होऊन गेली. त्र्याण्णव वर्षं, वहिनी. मधल्या चार पिढ्यांतल्या किती बायकांनी तोच प्रश्न मनात पुन्हा पहिल्यापासून विचारला असेल? आपल्याआधी कोणीतरी हे बोललंय हे त्यांना माहीतच नव्हतं. शब्द असता तर त्या एकमेकींना सापडल्या असत्या. आज तुम्ही जे करता त्याला नाव नसेल, तर तुमच्या मागे गावात एवढंच उरेल की 'काकू लय तडफदार होत्या.'

वहिनी : राहू द्या ना. वाईट काय हाये त्यात?

मी : वाईट हे, की तडफ तुमच्यासोबत जाईल. पुढच्या बाईला ती हक्कानं मागता येणार नाही.

यावर त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, मुद्दा पोचला. दोन दिवसांनी फोन आला तो सायखेड्याची आठवण घेऊन.

सायखेडा आमच्याच जिल्ह्यातलं. २०१५ मध्ये तिथल्या एका बाईनं मंगळसूत्र आणि अंगावरचे दागिने विकून घरी संडास बांधला. पेपरात फोटो आले, तेव्हाच्या ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला. जिल्ह्यातल्या बचत गटांत तिचं उदाहरण पुढे बरीच वर्षं सांगत.

वहिनी : ते बाई तुमच्या शब्दात बसते का नाई?

मी : बसते. लाज झाकायला अंधाराची वाट पाहणं तिनं नाकारलं. सौभाग्याच्या खुणेपेक्षा स्वतःच्या देहाची गरज मोठी मानली. आमच्याकडे मंगळसूत्र गहाण ठेवतात ते पोराच्या फीसाठी, नवऱ्याच्या आजारासाठी. स्वतःसाठी कोण विकतं?

वहिनी : पन तुमी त्या वक्ताले वाशीमच्या कार्यक्रमात दुसरंच बोलल्या व्हत्या. मी मांगं बसली व्हती.

मी : बोलले होते, आणि आजही तेच बोलेन. तिचं धाडस तिचं आहे, त्याला माझा नमस्कार. पण सत्कार करणाऱ्यांनी हे का विचारलं नाही की संडासाचा खर्च बाईच्या गळ्यातूनच का निघावा? गावोगाव दारात मोटारसायकली उभ्या आहेत. संडासासाठी मोटारसायकल विकल्याची बातमी का येत नाही? हा प्रश्न कोण विचारतं? स्त्रीवादीच विचारते.

वहिनी : हां. प्रश्न बराबर हाये तुमचा. पन तुमी तो इचारला तवा माह्या शेजारी बसलेली बाई मले म्हने, 'हे बाई तिच्या मंगळसूत्रावर बोलून रायली.' तिनं अर्धंच आयकलं. तुमचा प्रश्न लोकायपर्यंत जातच नाई, ताई. तुमच्या मोकळ्या गळ्यापाशीच थांबते तो.

मी मंगळसूत्र घालत नाही, ही गोष्ट आमच्या गावात माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे.

मी : म्हणजे मी घालावं?

वहिनी : तसं नाई म्हनत मी. हळदीकुंकवाचं सांगते. संक्रांतीले माह्या ओट्यावर मी हळदीकुंकू करते, तुमी येत नाई. तुमचं म्हननं, हळदीकुंकूच बाईले नवऱ्याच्या जित्या असन्यावर मोजते. खरं हाये ते. पन आपल्या गावात फाशी घेतलेल्या, औषध पेलेल्या शेतकऱ्याईच्या बाया किती हायेत? त्याईले म्या बोलावलं. पह्यल्या वर्सी एकच आली, पाठ करून बसली. म्या तिले कुंकू लावलं तवा दोघीचौघी उठून गेल्या. पुढच्या वर्सी त्याच परत आल्या, काऊन का त्याईच्या घरातबी तसं झालं व्हतं. तुमच्यावानी म्या हळदीकुंकूच बंद केलं असतं, त माह्या ओट्यावर कोन आलं असतं? रिकाम्या ओट्यावर काय बदलीन कोनी?

या वाक्यापुढे मी बराच वेळ अडले होते, हे मोकळेपणी लिहिते. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं, त्यांत वाशीम आहे. आमच्याकडे विधवा म्हणजे म्हातारी नव्हे. तिशीतली, पदरात शाळेत जाणारी पोरं असलेली, दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारी बाई. तिला सणाच्या दिवशी चारचौघींत बसायला जागा मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती जागा वहिनींनी केली.

मी : तुमच्या ओट्यावर जे झालं ते मला करता आलं नसतं. मान्य. पण ओटा एकच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचं गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या ओट्यावर विधवा येते ती तुमच्या मायेनं. हेरवाडमध्ये ती ठरावानं येते. उद्या तुमच्या ओट्यावर सून बसेल, तिला माया नसली तर?

वहिनी : ठराव आपल्या गावातबी झाला, तुमाले माहीत हाये. मीच मांडला. कागद कपाटात हाये. मांगच्या वर्सी एका बाईचा नवरा गेला, तिच्या बांगड्या फोडल्याच ना? मी मधात पडली तवा तिची सोताची माय मले म्हने, तुमी घरातलं नका बोलू. ठरावानं नाई थांबलं ते.

मी : म्हणून ठराव नको?

वहिनी : नको काऊन? दोन्ही पाह्यजे. तुमी फक्त एकाचीच किंमत करता.

इथे एक गोष्ट मला नोंदवायची आहे. वहिनी ज्या खुर्चीवर पाच वर्षं बसल्या ती त्यांना मायेनं मिळालेली नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यामागे चळवळीतल्या बायकांची कित्येक वर्षं आहेत. मी हे म्हटलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "खुर्ची कायद्यानं देल्ली. बसाले मी शिकली. पह्यल्या मिटिंगीले त्या खुर्चीवर तुमचे भाऊ बसले व्हते, अन् सचिव त्याईलेच सरपंच साहेब म्हने." त्या खुर्चीवरून दादाला उठवायला त्यांना तीन मासिक सभा लागल्या. उठवलं ते भांडून नाही. चौथ्या सभेला त्या अर्धा तास आधी जाऊन बसल्या.

मी : आपला विदर्भ या शब्दाला परका नाही, हे मी पुन्हा सांगते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. मुलीनं आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती म्हणे. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. त्यात वसुधा धागमवार होत्या, रघुनाथ केळकर होते. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' म्हटलं, तर न्यायालयानं ते धरून चालायचं, असं ठरलं. या देशातल्या स्त्रियांच्या चळवळीला नवा जोर आला तो आपल्या मुलुखातल्या एका मजूर पोरीवरच्या अन्यायातून.

वहिनी : त्या पोरीले काय भेटलं?

मी : तिच्या खटल्यात काही बदललं नाही. ते पोलीस सुटले ते सुटलेच.

वहिनी : तेच म्हनते मी. कायद्याले भेटलं, शब्दाले भेटलं. पोरीले नाई भेटलं.

मी : तिच्यानंतरच्या पोरींना मिळालं, वहिनी. कोठडीतल्या पोरीच्या शब्दाला आज कोर्टात वजन आहे ते त्यामुळे.

वहिनी : (बऱ्याच वेळानं) हां. ते मले मानावं लागीन.

कळंबेश्वरचा विषय त्यांनीच काढला. तेही आमच्या तालुक्यातलं गाव. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका दलित मजुराच्या बायकोला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, अपमान करून परत पाठवलं. त्या माणसानं एकट्यानं विहीर खणायला घेतली. मजुरीवर जायच्या आधी आणि आल्यावर खणायचा. लोकांनी वेड्यात काढलं, घरच्यांचाही विश्वास नव्हता. चाळीस दिवसांत पाणी लागलं. विहीर कुणाची होती हे त्यानं पत्रकारांना सांगितलं नाही, गावात रक्त सांडायला नको म्हणून.

वहिनी : तो मानूस तुमच्या शब्दात बसते का?

मी : बायकोच्या अपमानासाठी माणूस खडक फोडतो, त्याला मी बाहेर कशी ठेवू? पण पाहा, पाणी बाईनं भरायचं, अपमान बाईचा, आणि बातमीत बाई एका ओळीपुरती.

वहिनी : अन् मले दुसरंच दिसते. ज्याईच्या इहिरीवर त्या बाईले पानी भरू देल्लं नाई, त्या घरातबी बाया असतीनच ना? त्या पानी भरनारी, अन् हे बी पानी भरनारी. तुमच्या एका शब्दाखाली दोघी कशा येतीन? माह्या आजेसासूच्या इहिरीवर काय व्हत व्हतं ते तुमी लिवता काय कधी?

हा प्रश्न दलित स्त्रियांनी आम्हाला फार आधी विचारला आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेनं बाईला घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हटलं, गिरणीत काम करणाऱ्या बायकांना रजा आणि पेन्शन मागितलं, कायदेमंडळात राखीव जागा मागितल्या. यातली एकेक मागणी आम्ही पुढे वेगळ्या नावाखाली केली, आणि त्यांचं नाव घेतलं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं तेव्हा अनेकींना ते पहिल्यांदा कळलं. या शब्दाला मी चिकटून आहे, पण तो पुरेसा रुंद होता असं मी म्हणणार नाही. वहिनींची आजेसासू म्हणजे माझी आजी; तिच्या विहिरीबद्दल मी लिहिणार आहे. या लेखात ते ओझरतं येऊन भागणार नाही.

मे महिना आला. वहिनी ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ओळीनं मांडून गुंडाळी करत होत्या. चारपाच दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर घरचं बियाणं पेरायचं, एकरी तीस किलो. कमी उगवले तर पेर वाढवायचा किंवा विकत आणायचं. हा हिशेब घरात त्याच करतात. आधीच्या काळी तिफणीमागे सरतं धरूनही त्याच चालायच्या. आता ट्रॅक्टर पेरतो, पण कोणत्या वावरात तुरीचं तास किती ओळींनी टाकायचं हे अजून त्याच सांगतात. मी मोजायला बसले होते.

वहिनी : एक इचारू? रागावू नका. या वावराच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव हाये.

मी : आहे.

बाबा गेले तेव्हा वारस म्हणून भावासोबत माझं नाव लागलं. दादानं हक्कसोडपत्राचे कागद करून आणले होते. आमच्याकडे बहिणी ती सही देतात. बापाच्या मिळकतीत लेकीला वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो जन्मानंच असतो हे पक्कं केलं. तरी तहसीलमध्ये बहिणींच्या सह्या होतच असतात, कारण सही न देणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही. मी सही दिली नाही. दादा माझ्याशी बोलेनासा झाला. दिवाळीला या म्हणून फोन केला तो वहिनींनी.

वहिनी : मले तवा तुमचा लय राग आला व्हता. फोन केला, पन राग व्हता. अजूनबी थोडासा हाये. तुमचं नाव लागलं काऊन का तुमी या घरात जल्मल्या. माहं नाव नाई, काऊन का मी या घरात आली. निंदन मी केलं, सोंगनी मी केली, रातच्याले पानी द्याले मी गेली. फार्मर आयडी निंगाले त तुमच्या भावाचा निंगाला. पीक विमा त्याईच्या नावानं, पीक कर्ज त्याईच्या नावानं. तुमचा स्त्रीवाद लेकीचा हाये, ताई. सुनेचा कुठी हाये?

मी : सूनही कुणाची लेक असते. तुमच्या माहेरी, रिसोडकडे, तुमचा हिस्सा होता. तुम्ही हक्कसोड करून दिलंत.

वहिनी : देल्लं. उद्या काई झालं त जाचं कुठी? भाऊ राह्यला पाह्यजे म्हून देल्लं. तुमाले नोकरी व्हती, पेन्शन हाये. तुमाले भाऊ रुसला त चालते. मले नाई चालत.

यातलं काहीही मला खोडता येत नाही. कायदा नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव जमिनीवर आपोआप लावत नाही. ते लागतं तो गेल्यावर. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तेव्हाही नाही. आत्महत्या झालेलं घर पात्र ठरलं तर शासनाची एक लाखाची मदत येते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण वावर सासऱ्याचं असलं की ती बाई शेतकरी म्हणून पुन्हा कर्ज काढू शकत नाही.

मी : लक्ष्मीमुक्ती आठवते? शरद जोशींची?

वहिनी : न आठवाले काय झालं? तुमच्या भावाच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला व्हता.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं की शेतमालाच्या भावासाठी सरकारशी भांडता, पण घरातल्या लक्ष्मीचं देणं तुमच्या डोक्यावर आहे. जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर जणांनी असं केलं तिथे ते स्वतः जात. शहरी स्त्रीवादावर जोशींनी कडक टीका केली आहे, आणि मला ती सगळी पटत नाही. पण बाईच्या नावावर वावर करा हे पुरुषांच्या सभेत उभं राहून कोणी म्हटलं असेल तर त्यांनी. शासनाचीही पुढे त्याच नावाची योजना आली. नवऱ्यानं अर्ज केला की त्याच्या हिश्श्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

मी : मग दादानं का नाही केलं?

वहिनी : म्या इचारलं नाई.

मी : म्हणूनच तो शब्द लागतो, वहिनी. मागायला.

वहिनी : मागाले शब्द नाई लागत. मांगं कोनी उभं राहावं लागते.

मी : मग असं करू. माझा हिस्सा मी तुमच्या नावावर करून देते. बक्षीसपत्र करू. वावर तुम्ही वाहता, मी नाही.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी गोणपाटाची गुंडाळी सुतळीनं बांधली, पाणी शिंपडलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

वहिनी : नको. मंग तुमीबी हक्कसोडच केलं म्हना ना, भावाच्या जागी भावजयीले. तुमचा हिस्सा तुमच्या बापाचा हाये, तो ठेवा. एवढ्या भांडनानं राखला तो. माहा हिस्सा मले माह्या नवऱ्याकडून पाह्यजे.

मी : हे जे तुम्ही आत्ता बोललात ना...

वहिनी : नाव नका ठेवू त्याले. रविवारी तुमच्या भावासमोर बसा माह्यासोबत, मंग ठेवा काय ठेवाचं ते.

रविवारी बसलो. दादा म्हणाला, "तिचंच त हाये सारं." वऱ्हाडातला प्रत्येक नवरा हे म्हणतो, आणि बहुतेकांना ते मनापासून वाटतं. वहिनी म्हणाल्या, "मंग लिवून द्या." दादानं माझ्याकडे पाहिलं. हे हिनंच शिकवलं असणार, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी सांगितलं की मी नाही शिकवलं. वहिनींनीही सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, आणि या संबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ज्या शब्दाला त्या इतके दिवस दूर ठेवत आल्या, तो त्यांच्या अंगावर आला होता, आणि तोही माझ्या नावानं. त्यांचं स्वतःचं मागणं त्यांचं म्हणून कुणी ऐकायला तयार नव्हतं.

वहिनी मात्र डगमगल्या नाहीत. "ताईनं शिकोलं म्हना, नाई त म्या शिकली म्हना, कागद तोच हाये," म्हणाल्या, आणि तलाठ्याकडून आणलेला अर्ज त्यांनी दादापुढे सरकवला. अर्जदार म्हणून दादाचं नाव त्यांनीच भरलं होतं, पत्नीच्या रकान्यात स्वतःचं. गट नंबर, क्षेत्र, सगळं बरोबर होतं.

सही अजून व्हायची आहे. दादा 'पाहतो' म्हणाला आहे. पेरणीच्या आत व्हावी असं वहिनींचं म्हणणं आहे, कारण पीक कर्जाचे कागद त्याच सुमारास निघतात, आणि या वर्षी त्यांना सोसायटीत स्वतः जायचं आहे.